सापा-कासवांसह परदेशी बिऱ्हाड: एजंटाच्या पॅकेजमधलं काय घ्यावं, काय सोडावं

कुत्र्या-मांजरांना परदेशी पोचवणाऱ्या बऱ्याच कंपन्या हल्ली आपल्या यादीत साप, सरडे, कासवंही घालतात. पॅकेजमध्ये साधारण पाच कामं असतात: परवाने, पशुवैद्यकाचा दाखला, पेटी, कार्गोचं बुकिंग आणि विमान उतरल्यावर कस्टममधून सोडवणूक. शेवटच्या दोन कामांसाठी पैसे जरूर मोजावेत. परवान्यांसाठी अर्धेच. पेटी मात्र त्यांच्याकडे अजिबात सोपवू नये.

आधी एक गोष्ट, जी विक्रीच्या बोलण्यात सहसा येत नाही: काही देशांची दारंच बंद असतात. न्यूझीलंडमध्ये साप चालत नाहीत. ऑस्ट्रेलियात पाळीव सरीसृप आणता येत नाहीत. नॉर्वेने २०१७ मध्ये बंदी उठवली, पण ठरावीक १९ जातींपुरतीच. अमेरिकेत बर्मी अजगर २०१२ पासून आणि जाळीदार अजगर २०१५ पासून 'घातक' यादीत आहेत. ज्या एजंटाने पैसे मागण्याआधी प्राण्याचं शास्त्रीय नाव विचारलं नाही, त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

परवान्यांचा पाया म्हणजे १९७५ पासून लागू असलेला सायटीस, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार. बॉल पायथन, बोआ, हिरवा इग्वाना, घोरपडींच्या बहुतेक जाती आणि जमिनीवरची बहुतेक कासवं त्याच्या परिशिष्ट २ मध्ये, म्हणजे संरक्षित जातींच्या दुसऱ्या यादीत येतात; त्यांना निर्यात परवाना हवा. कॉर्न स्नेक कुठल्याच परिशिष्टात नाही, पण म्हणून त्याला कागद लागत नाहीत असं नव्हे. आरोग्य दाखला आणि त्या त्या देशाची आयातीची परवानगी लागू शकते. स्टार कासव २०१९ मध्ये त्याहून कडक अशा परिशिष्ट १ मध्ये गेलं. तिथे आयात परवानाही लागतो आणि तो आधी मिळवावा लागतो. निर्यात परवान्याची मुदत जास्तीत जास्त ६ महिने असते आणि त्या मुदतीतच प्राणी पलीकडे पोचला पाहिजे. त्यामुळे व्हिसा लांबला की परवाना वाया.

एजंट अर्ज भरून देतो, पण अडतं ते त्याच्या हातात नसलेल्या कागदावर. प्राणी बंदिवासात जन्मला हे दाखवणारी पैदासकाराची पावती नसेल, तर अर्जात 'सी' (बंदिवासात पैदास) हा स्रोत-संकेत लिहून उपयोग नाही. तो कागद मालकानेच शोधायचा. अर्ज तयार झाला की तीन गोष्टी स्वतः तपासाव्यात: शास्त्रीय नावाचं स्पेलिंग, प्राण्यांची संख्या, मायक्रोचिपचा आकडा. निघताना कस्टमने परवान्यावर प्रत्यक्ष गेलेली संख्या लिहून शिक्का मारावा लागतो. हा शिक्का राहून गेला की पलीकडचा अधिकारी अस्सल परवानाही अडवू शकतो. चांगल्या एजंटाची खरी फी इथे वसूल होते, कारण त्या काउंटरवर त्याचा माणूस उभा असतो.

आता पेटी. बहुतेक कंपन्या मांजराच्या पिंजऱ्यात थोडा बदल करून देतात आणि तिथेच चुकतं. पेटी आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, जिवंत प्राण्यांच्या नियमांप्रमाणे हवी. कार्गोवाले तेच बघतात. सापासाठी घट्ट विणीची सुती पिशवी घ्यावी आणि शिवण बाहेरच्या बाजूला ठेवावी, आत सुटे धागे राहिले तर सापाभोवती गुंडाळले जातात. तोंड पिळून गाठ मारावी, गाठीखाली केबल टाय लावावा, मग दुसरी पिशवी. एका पिशवीत एकच प्राणी. बाहेर कडक पेटी, आतून सुमारे २ सेंटिमीटर थर्माकोल, चारही बाजूंना भोकं. गेको आणि लहान सरडे हवेशीर प्लास्टिक डब्यात, खाली ओलसर टिश्यू. पाण्याची वाटी नको, ती सांडते. माती, शेवाळ, लाकडाचा भुसा यांवर वनस्पती-तपासणीची हरकत येऊ शकते, म्हणून कागदच बरा.

तापमान २१ ते २७ अंशांत राहिलं की काम झालं. हीट पॅक हे लोखंडाच्या भुकटीचे असतात. हवेतला ऑक्सिजन घेऊन तापतात. भोकं बुजली की पॅक थंड पडतो आणि आतला ऑक्सिजनही तोच खातो. २२ अंशांच्या आसपास वितळणारे-गोठणारे फेज चेंज पॅक महाग असले तरी दोन्ही टोकं सांभाळतात. थंडीची भीती सगळ्यांना वाटते, पण उन्हात उभ्या ट्रॉलीवर ३५ अंशांपुढे गेलेली पेटी जास्त लवकर जीव घेते. हीट पॅकवर भर देणाऱ्या एजंटाला धावपट्टीवरच्या उन्हाचं विचारून पाहावं.

सापाला निघण्याआधी ७ ते १० दिवस खायला देऊ नये. भरल्या पोटी हादरे बसले की तो ओकतो. डोळे दुधाळ झाले असतील, म्हणजे कात टाकायला आला असेल, तर तारीख पुढे ढकलावी. बुकिंग सोमवार ते बुधवारचं आणि शक्यतो थेट विमानाचं घ्यावं. शुक्रवारी रात्री उतरलेली पेटी तपासणीसाठी सोमवारची वाट पाहत पडू शकते, आणि हे टाळणं एजंटाच्याच हातात असतं. केबिनमध्ये नेण्याचा विचार सोडून द्यावा, बहुतेक विमान कंपन्या सरीसृप कार्गोनेच नेतात.

पॅकेजमधला 'सामानासह' हा पर्याय घेऊच नये. दिवे आणि हीटर तिथेच नवे घ्यावेत. २४० व्होल्टचा सिरॅमिक हीटर १२० वर चालवला तर चौथा हिस्साच उष्णता देतो. उलट केलं तर चौपट वीज खेचून जळतो. लाकडी टेरॅरियमच्या (प्राणी ठेवायच्या पेटीवजा घराच्या) क्रेटला उष्णता-प्रक्रियेचा शिक्का लागतो, त्यापेक्षा ते विकून टाकलेलं स्वस्त पडतं. थर्मोस्टॅट तेवढा न्यावा, तोही दोन्ही व्होल्टेजवर चालणारा असेल तरच.

'पोचल्यानंतरची देखभाल' नावाचा जास्तीचा पर्याय काही जण विकतात. त्यात बहुतेकदा एक फोन येतो. पहिल्या दिवशी कोमट पाणी, अंधारी लपायची जागा आणि ५-७ दिवस उपास, एवढं घरीच जमतं.