इन्स्टाग्रामचे ‘टीन अकाउंट’: लातूरमधील एका पालकाचा अनुभव

माझी मुलगी 14 वर्षांची असून लातूरमध्ये नववीत शिकते. वाढदिवसाच्या शुभेच्छांपासून स्नेहसंमेलनातील नृत्याच्या रीलपर्यंत तिच्या वर्गाचे निम्मे जग इन्स्टाग्रामवरच चालते, क्लासला न गेलेल्या मैत्रिणीला वहीच्या पानांचे फोटोही तिथूनच जातात. त्यामुळे तिला सरसकट नकार देण्याऐवजी 13 ते 17 वर्षांच्या मुलांसाठीचे ‘टीन अकाउंट’ आम्ही चार महिने वापरून पाहिले. ही सोय भारतात फेब्रुवारी 2025 मध्ये सुरू झाली.

असे खाते आपोआप खासगी राहते, अनोळखी माणसाला मुलांना संदेश पाठवता येत नाही, आणि 16 वर्षांखालील मुलांना हे नियम सैल करायचे असल्यास पालकाची परवानगी लागते. मुलीची आई म्हणून मला यातूनच मोठा दिलासा मिळतो. अर्थात, जन्मतारीख खरी भरली असेल तरच हे सारे लागू होते. अनेक घरांत खाते मुलांनीच, जन्मवर्ष मागे ढकलून, केव्हाच उघडलेले असते, हे पालकांनी आधी तपासावे.

मला सर्वाधिक पटलेली गोष्ट पालकांच्या देखरेखीची आहे. माझे खाते तिच्या खात्याशी जोडल्यावर मागील सात दिवसांत तिने कोणाकोणाशी संवाद साधला ती नावे मला दिसू लागली, संदेशातील मजकूर मात्र दिसत नाही. “आई, मी कोणाशी बोलते तेवढंच दिसतं ना तुला?” असे तिने पहिल्याच दिवशी विचारले, आणि तेवढेच दिसते याची खात्री पटल्यावरच ती या व्यवस्थेला मनापासून तयार झाली. आता एखादे नवे नाव दिसले की मी विचारते आणि ती सांगते. चोरून फोन चाळण्याच्या सवयीपेक्षा हे कितीतरी बरे आहे.

वेळेच्या बाबतीत मात्र मूळ मांडणी अपुरी आहे. रोज 60 मिनिटे झाली की केवळ आठवण करून दिली जाते आणि रात्री 10 ते सकाळी 7 या वेळेत फक्त सूचनांचा आवाज बंद होतो. ॲप उघडायला कोणतीही आडकाठी नसते. क्लास आणि जेवण आटोपून साडेनऊला मोकळ्या होणाऱ्या मुलांना नेमका त्याच वेळी फोनचा मोह होतो. ॲप खरोखर बंद व्हावे असे वाटत असेल तर देखरेखीत जाऊन पालकालाच मर्यादा घालावी लागते. आम्ही 45 मिनिटे ठरवली आहेत.

अहमदपूर, उदगीर, औसा भागांतून मुलांना शिकण्यासाठी लातूरच्या वसतिगृहात ठेवणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे की, खाते जोडण्याचे काम मुलाला सोडून परतण्यापूर्वी, त्याच्या शेजारी बसूनच करावे. दुरून फोनवर हे समजावणे फार अवघड जाते. जूनमध्ये दहावी सुरू झाल्यावर 45 ची 30 मिनिटे करायची, असे मुलीने स्वतःच सुचवले आहे.