पावसाआधीचे गटार: पंचायतीची वाट पाहावी, मजूर लावावेत की वाड्याने मिळून फावडे उचलावे?

गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा जून-जुलैतच कोसळतो. 'जूनचा पहिला आठवडा येईपर्यंत वेळ आहे' हा जुना हिशेब आता धरू नये. 2025 साली मान्सून मे महिन्यातच दारात होता. म्हणून घरासमोरचे गटार कोणी उपसायचे, हे मे उजाडतानाच ठरलेले बरे.

पहिला मार्ग पंचायतीचा, शहरात पालिकेचा. काम त्यांचेच आहे आणि खिशाला तोशीस नाही. रस्त्याखालची मोरी, व्हाळाचे (ओढ्याचे) तोंड, जेसीबी लागेल असा गाळ, हे सगळे त्यांनीच करावे. तिथे हौशी माणसाने घुसू नये. अडचण वेळेची. राज्यातल्या 191 पंचायती, 13 नगरपालिका आणि पणजी महापालिका, सगळ्यांना कंत्राटदार एकाच महिन्यात हवा असतो. शिवाय उपसलेला गाळ काठावरच राहतो आणि पहिल्या मोठ्या सरीबरोबर परत आत जातो. हे दर वर्षी दिसते, तरी दर वर्षी तसेच होते. विषय एप्रिलच्या ग्रामसभेत काढा, लेखी अर्ज द्या आणि त्यावर इनवर्ड नंबर घ्या. पणजीच्या सखल भागात मात्र मांडवीची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले, तर साफ गटारातूनही पाणी लवकर उतरत नाही. त्याचा राग सफाई कामगारांवर काढू नये.

मजूर लावणे सोपे. एकट्या राहणाऱ्या वयस्कांना तर तेच सोयीचे. पण पैसे तुमच्या कुंपणापुरते जातात आणि पाणी अडते शेजाऱ्याच्या स्लॅबखाली. दर ठरवताना गाळ उचलून नेण्याचेही बोलून घ्या. सेप्टिक टाकीत माणूस उतरवायची गोष्ट निघाली तर तिथेच थांबा: सुरक्षेच्या साधनांशिवाय तसे करायला लावणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे.

आता शेजारपाजारचा मार्ग. खाजनांचे (खाडीकाठच्या सखल शेतजमिनींचे) बांध आणि मानशी (पाणी आत-बाहेर सोडायची दारे) राखण्याचे काम ज्या प्रदेशात गावाने मिळून केले, तिथे वीस-पंचवीस घरांच्या गटारासाठी माणसे जमू नयेत, हे मला तरी पटत नाही. रविवारी सकाळी ऊन चढण्याआधी सुरुवात करा, आणि तीही उताराच्या खालच्या टोकाकडून, म्हणजे साचलेल्या पाण्याला आधी वाट मिळते. खरी मेख गाडी आत घेण्यासाठी टाकलेल्या स्लॅबची. झावळ्या, चिऱ्यांचे तुकडे, प्लास्टिक, सगळे तिथेच अडकते. सुटी लादी असेल तर पहारीने दोघांनी उचलावी. पक्के काँक्रीट असेल तर मालकाशी आधीच बोलावे. (त्या बोलण्याला उपसण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.) मालक मुंबईला किंवा परदेशात आणि घराला कुलूप, अशा घरांसमोरचा पट्टा वाड्यानेच घ्यायचा, 'त्यांचे आम्ही का करावे' म्हटले की पाणी आपल्याच अंगणात येते. प्लास्टिक वेगळे काढा. उरलेली स्वच्छ माती माडांच्या आळ्यात चालते, पण सांडपाण्याचा वास येत असेल तर ती तिकडे नेऊ नका.

गमबूट आणि हातमोजे हवेतच. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. हातापायाला जखम असलेल्याने चहा करावा. नंतर ताप आला तर गटारात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

माझा कौल: वाड्यातले छोटे गटार शेजाऱ्यांनी मिळून, मोरी आणि व्हाळ पंचायतीकडे, मजूर फक्त जिथे हात कमी पडतील तिथे. त्यातही एक अट. गाळ न्यायला ट्रक कधी येईल, हे पंच किंवा सचिवांकडून आधी नक्की करा आणि मगच आदल्या रविवारी फावडे उचला.