परवानगीशिवाय उघडणारी अ‍ॅप्स: ब्राउझरमध्ये रोखावीत की फोनच्या सेटिंग्जमध्ये?

अँड्रॉइड फोनवर क्रोममध्ये एखाद्या वस्तूची किंमत पाहायला निकालावर बोट टेकवावे आणि वेबपानाऐवजी खरेदीचे अ‍ॅपच समोर उभे राहावे, हा अनुभव अनेकांच्या ओळखीचा आहे. ही नुसती गैरसोय आहे असे मी मानत नाही. अ‍ॅपमध्ये आपण बहुधा आपल्या नावाने लॉग-इन केलेले असते, त्यामुळे सहज चाळायला गेलेल्या माणसाची नोंदही त्याच्या खात्यावर होऊ शकते.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग फायरफॉक्स या ब्राउझरचा. त्याच्या सेटिंग्जमध्ये लिंक अ‍ॅपमध्ये उघडण्याबाबत तीन पर्याय मिळतात: नेहमी उघडा, उघडण्यापूर्वी विचारा आणि कधीही उघडू नका. एकदा निवड केली की ती त्या ब्राउझरमधील सर्व साइटना लागू होते. माझी पसंती मधल्या पर्यायाला आहे, कारण यूपीआयने पैसे भरताना अ‍ॅप उघडणे आपल्यालाच हवे असते. तिथे सरसकट नकार अडचणीचा ठरू शकतो.

दुसरा मार्ग फोनच्या सेटिंग्जचा. क्रोम सोडायचा नसेल, तर अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये त्या-त्या अ‍ॅपच्या माहितीत जाऊन समर्थित लिंक (त्या अ‍ॅपच्या साइटचे वेब पत्ते) उघडण्याची मुभा बंद करावी लागते. हे काम अ‍ॅपगणिक करावे लागते आणि नवे अ‍ॅप घेतले की पुन्हा. मात्र त्याचा फायदाही आहे: फायरफॉक्समधील निवड फक्त फायरफॉक्सपुरती असते, तर ही बंदी व्हॉट्सअ‍ॅपमधून आलेल्या लिंकलाही लागू होते. तिची मर्यादा अशी, की ती नेहमीच्या वेब पत्त्यांपुरतीच असते. अ‍ॅपने स्वतःसाठी नोंदवलेल्या वेगळ्या प्रकारच्या लिंक त्यातून सुटतात. त्यामुळे नेमका त्रास एकदोन अ‍ॅप्सचाच असेल तर हा मार्ग पुरेसा आहे, अन्यथा फायरफॉक्स घ्यावा.

आयफोनवरील सफारीत असा एकच सर्वसमावेशक पर्याय नाही. लिंक दाबून धरून ती सफारीतच उघडण्याचा पर्याय निवडावा लागतो.

संगणकावर क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी हे सारेच बाहेरचे अ‍ॅप उघडण्यापूर्वी सहसा विचारतात, म्हणून तिथे ब्राउझर बदलण्याचे कारण नाही. ही विचारणा किती मोलाची आहे हे 2019 च्या जुलैत दिसले. सफारीची ही जादा क्लिक टाळण्यासाठी व्हिडिओ मीटिंगच्या झूम अ‍ॅपने मॅकवर स्वतःचा छोटा वेब सर्व्हर (वेबपानांच्या विनंत्या ऐकणारा, मागे चालू राहणारा प्रोग्राम) बसवला होता. त्यामुळे एखादे वेबपान वापरकर्त्याला न विचारता थेट मीटिंगमध्ये, कधी कॅमेरा सुरू ठेवून, जोडू शकत होते. अ‍ॅप काढून टाकले तरी तो सर्व्हर मागे राहत असे आणि अखेर अ‍ॅपलने अपडेट पाठवून तो काढला. क्रोमच्या विचारणेच्या चौकटीत या साइटला नेहमी परवानगी देण्याचा एक चौकोन असतो. रोजच्या कामाच्या मीटिंगची साइट वगळता इतरत्र त्या चौकोनात खूण करू नये.