27 फुटी जुनी की 32 फुटी नवी: कोल्हापुरातनं शिडाची बोट घेताना

शिरोलीत फौंड्रीत कामाला आहे मी, समुद्र आमच्यापासून एक घाट खाली. मी अन् मामेभाऊ दोघांनी मिळून शिडाची बोट घ्यायचं ठरवलंय, पैसे पण निम्मे निम्मे, आणि मागच्या आठवड्यात गोव्यात दोन बोटी सुकवणीला काढलेल्या होत्या त्या दोन दिवस नीट बघून आलो. लांब राहून बोट घ्यायची असेल तर काय बघायचं हे आम्हाला सांगणारं कुणी भेटलं नाही म्हणून सगळं लिहितोय.

पहिली अल्बिन वेगा, पुढं तिला नुसतं वेगा म्हणतो. स्वीडनची बोट, पेर ब्रोहेल यांनी डिझाईन केलेली, 1970 च्या दशकातली, लांबी सव्वाआठ मीटर म्हणजे 27 फूट. दुसरी फ्रेंच बनावटीची, 2005 ची, 32 फुटी. पहिलीचे 8 लाख मागतायत, दुसरीचे 22.

आत शिरलं की दुसरीच आवडणार, हे आधीच सांगतो. मागं वेगळी केबिन, टॉयलेटला दार, ताठ उभं राहता येतं, उजेड भरपूर. वेगाची रुंदी अडीच मीटरला पण जरा कमी, चार माणसं बसली की गुडघ्याला गुडघा लागतो, माझं डोकं छताला टेकतं. बायको अन् पोरं महिन्यातनं एकदा येऊन राहणार असतील तर हा फरक लई मोठा आहे.

पण मी खाली वाकून कील बघितली आणि तिथंच जास्त वेळ गेला. कील म्हणजे पोटाखालचं वजन, वाऱ्यानं बोट कलली की तेच तिला परत उभी करतं. शिसं बिडापेक्षा, म्हणजे ओतीव लोखंडापेक्षा, दीडपट जड, त्यामुळं तेवढंच वजन कमी जागेत आणि जास्त खाली बसतं, पण ते महाग. या दोन्ही बोटींत बीडच आहे, फक्त बसवायची पद्धत वेगळी. वेगात बिडाचं वजन फायबरच्या आत बंद केलंय, बोल्टच नाहीत. 32 फुटीत बिडाची पातळ कील खालनं बोल्टनं आवळलीय.

फौंड्रीत कास्टिंगला हातोडी मारून आवाजावरनं चीर ओळखायची सवय आहे, तसंच प्लॅस्टिकची हातोडी घेऊन वेगाच्या तळाला इंच इंच वाजवत गेलो. सगळीकडं खणखणीत आणि पुढच्या टोकाला तळहाताएवढ्या जागेत एकदम बसका आवाज, भावाला बोलवून परत वाजवलं तर त्यालाही फरक कळला. बहुतेक कधीतरी खडकावर टेकलीय. तिथनं पाणी आत गेलं असेल तर बीड गंजून फुगतं आणि फायबर आतनं उचलतं, आणि हे बाहेरनं दिसत नाही. ते कापून, वाळवून, परत फायबर चढवता येतं. गोव्यात हे काम जाणणारी माणसं आहेत, म्हादेई आणि तारिणी या जगाला फेरी मारून आलेल्या बोटी तिथंच दिवाडी बेटावर बांधल्यात.

32 फुटीला कील आणि बोटीच्या सांध्यात तांबूस रेघ होती. नुसत्या रेघेला घाबरायचं कारण नाही, पण आतनं फरशी उचलून बघितलं तर दोन बोल्टच्या वायसरखाली गंजाचं पाणी. बोट जोरात टेकली की कीलचं मागचं टोक वर दाबलं जातं, म्हणून कीलच्या मागच्या बाजूला आतल्या पट्ट्यांना तडे आहेत का ते टॉर्चनं बघायचं. तडे नव्हते. तरी एक बोल्ट काढून दाखवा म्हटलं, तर मालक तयार झाला नाही, आणि ते मला खटकलं.

इंजिनात तर सरळ फरक आहे. वेगाला जुनं छोटं डिझेल, सरळ शाफ्ट, आणि शाफ्टभोवती पाणी अडवणारी ग्लँड. कोल्हापुरातल्या उद्यमनगरचा कुठलाही चांगला मिस्त्री ते टेबलावर खोलून देईल. 32 फुटीला सेलड्राइव्ह, म्हणजे इंजिनाचा पाय बोटीच्या तळातल्या भोकातनं खाली जातो आणि पाणी अडवायला मोठा रबरी पडदा असतो. हा पडदा साधारण 7 वर्षांनी बदलायचा असतो, त्याला बोट बाहेर काढून इंजिन सरकवावं लागतं. या बोटीचा कधी बदललाय याचा कागद नाही. आम्ही 200 किलोमीटरवर राहणार, पंधरा पंधरा दिवस बोटीकडं कुणी फिरकणार नाही, मग असला पडदा डोक्यात ठेवून रात्री झोप लागायची नाही.

चालायला 32 फुटी नक्कीच जलद. गोव्याहून मालवण साधारण 40 नॉटिकल मैल, ती साडेसहा तासांत जाईल, अल्बिन वेगाला आठ तास धरा. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा म्हणजे जमिनीकडनं येणारा वारा असतो, दुपारी समुद्राकडनं वायव्येचा खारा वारा तोंडावर येतो, म्हणून उत्तरेला जाताना लवकर सुटायचं, आणि तिथं जलद बोटीचा फायदा खरा आहे. पण खाडीच्या तोंडाला वाळूचा दांडा असतो तिथं वेगाला पाणी लागतं 1.17 मीटर, 32 फुटीला 1.8. ओहोटीला एवढा फरक म्हणजे आत जायचं की बाहेर थांबायचं.

शिडं दोन्हींची उन्हानं गेलीत. डोलकाठीच्या तारा वेगाच्या जुन्या आहेत, त्या बदलायच्याच. वेगाच्या डोलकाठीखालचा आडवा तुळईसारखा भाग दबतो असं ऐकून होतो, म्हणून तिथं दोरी ताणून मोजलं, डेक सरळ होतं. कागदपत्रांत परदेशी बोटीची कस्टम ड्युटी भरल्याची पावती आधी मागा, वेगाची आहे, दुसरीची येतो येतो म्हणतायत.

ज्यांचं घर किनाऱ्यावर आहे आणि माणसं राहायला येणार आहेत त्यांनी 32 फुटी घ्यावी, पण पडदा आणि बोल्टचं काम किमतीतनं वजा करून. आम्हाला वेगाच बरी. 2012 मध्ये मॅट रदरफर्डनं एका वेगानंच दोन्ही अमेरिका खंडांभोवतीची फेरी कुठंही न थांबता 309 दिवसांत पुरी केली, त्यामुळं बोट लहान आहे म्हणून भीती वाटत नाही. साडेसहा लाख म्हणून सांगितलंय, आणि अट एकच: तो बसका आवाज येतोय तिथं आमच्यासमोर कापून दाखवायचं.