सायकल्स की ईवी? ब्लेंडरवरचे माझे आठ महिने

गेले आठ महिने नोकरीवरून आलो की ब्लेंडर ४.२ हे थ्रीडी ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर उघडतो. तीन मिनिटांची ॲनिमेशन फिल्म करतोय: जुन्या वाड्यातलं स्वयंपाकघर, एक आजी, एक मांजर. ब्लेंडर फुकट, आणि त्यात दोन मुख्य रेंडर इंजिनं, म्हणजे उभारलेल्या दृश्याचं चित्र काढून देणारे भाग. सायकल्स सिनेमावाल्यांच्या पद्धतीचं, प्रकाशाचे किरण कुठेकुठे आपटून आले ते मोजत बसणारं. ईवी गेमवाल्यांच्या वळणाचं. गेमला सेकंदाला ६० फ्रेम काढायच्या तर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात, तेव्हा बराच कारभार अंदाजपंचे.

मी अर्थातच सायकल्सवर सुरुवात केली. सिनेमा करायचा तर सिनेमासारखाच, हा माज. माझ्या ८ जीबीच्या ग्राफिक्स कार्डावर एक फ्रेम साधारण चार मिनिटांत होते. सेकंदाला २४ धरल्या तर ४३२० फ्रेम, म्हणजे अखंड १२ दिवस. पाचव्या दिवशी पाहतो तर आजीचा पदर तिच्याच कोपरातून आरपार! नॉइज (चित्रातले रवाळ ठिपके) निम्मा करायला सॅम्पल (दर पिक्सेलमागे मोजलेले किरण) चौपट लागतात, म्हणून ते कमी ठेवून ठिपके पुसणाऱ्या डिनॉइजरवर भिस्त टाकली. एकेक फ्रेम सुरेख. पण चालवून बघितलं की भिंतीवरच्या चुन्यात मुंग्या फिरतायत असं वाटतं.

ईवीवर तीच फ्रेम तीन सेकंदांत. अख्खी फिल्म चार तासांच्या आत. चूक संध्याकाळी दिसते, रात्री दुरुस्त होते.

फुकट मात्र काही नाही. चुलीशेजारी तांब्याचा हंडा आहे, त्यावर जाळाची झाक. कॅमेरा वळला, चूल फ्रेमबाहेर गेली, आणि झाक गुल, जणू कुणी चुलीवर पाणी ओतलं. ईवीचं रेट्रेसिंग (किरणांचा माग काढणं) पडद्यावर जे दिसतंय त्यातूनच प्रतिबिंब शोधतं. हंड्यापाशी स्फिअर प्रोब, म्हणजे आजूबाजूचं दृश्य चहूबाजूंनी टिपून ठेवणारा गोल, ठेवल्यावर बरंच सुधारलं. दारातलं ऊन सारवलेल्या जमिनीवरून भिंतीवर चढतं, ते सायकल्समध्ये आपोआप येतं. ईवीत मी एक मंद एरिया लाइट (पसरट दिवा) लपवून ठेवलाय. खोटेपणा आहेच. पण 'फ्लो' ही लॅटव्हियाची फिल्म ईवीतच रेंडर झाली आणि २०२५ मध्ये ऑस्कर घेऊन गेली. मांजर तिच्यातही आहे, पण आमचं आधी ठरलं होतं हो!

दोन्ही इंजिनं सरमिसळ वापरणार असाल तर जपून. लागून असलेल्या शॉटमध्ये सावल्या जुळत नाहीत, मधल्या मध्ये कुणी भिंत रंगवली की काय असं वाटतं. म्हणून हंड्याचे जवळून घेतलेले नऊ शॉट तेवढे सायकल्समध्ये, तेही कट जिथे दुसऱ्या खोलीत जातो तिथेच. आणि थेट व्हिडिओ फाइल काढू नका, दर फ्रेमची वेगळी पीएनजी चित्रफाइल काढा. आमच्याकडे मंगळवारी वीज गेली, नुकसान एका फ्रेमचं. उरलेल्या ६४० आत्ता चालू आहेत.