शिकारी पक्ष्यांच्या गणनेसाठी दुर्बीण की स्पॉटिंग स्कोप?

मार्च-एप्रिलमध्ये कर्नाळा किल्ल्यावरून उत्तरेकडे परतणारे भोवत्या, गरुड आणि इतर शिकारी पक्षी मोजायचे ठरवलेल्या एका मैत्रिणीला ८×४२ ची (आठ पट मोठे दाखवणारी, ४२ मिमी भिंगांची) दोन डोळ्यांची दुर्बीण घ्यावी की २०-६० पट मोठे दाखवणारा, तिपाईवर लावून एका डोळ्याने पाहायचा स्पॉटिंग स्कोप, हे ठरवता येत नव्हते.

खर्चात आणि ओझ्यात दुर्बीण निर्विवाद सरस आहे. स्कोपसोबत भक्कम तिपाईही विकत घ्यावी लागते आणि कोकणातल्या दमट उकाड्यात ती खांद्यावर घेऊन किल्ला चढावा लागतो.

खरा प्रश्न दृष्टिक्षेत्राचा आहे. ऊन तापल्यावर वर चढणाऱ्या गरम हवेच्या स्तंभात हे पक्षी घिरट्या घालत उंची गाठतात आणि मग पंख न हलवता पुढे घसरत जातात. दुर्बिणीत असा अख्खा थवा मावतो, तर स्कोपच्या अरुंद वर्तुळात काही पक्षी सुटतात आणि काही दोनदा मोजले जातात. माझ्या मते गणनेत यापेक्षा मोठा दोष नाही.

ओळख पटवताना मात्र स्कोपला तोड नाही. भोवत्यांच्या वेगवेगळ्या प्रजातींच्या माद्या एकमेकींसारख्या दिसतात आणि पंखाच्या टोकाची ठेवण दुरून दुर्बिणीत कळत नाही. तरीही दुपारच्या तापलेल्या, धुरकट हवेत मोठेपणा वाढवला की प्रतिमा थरथरते, त्यामुळे स्कोपचा हा लाभ मुख्यतः सकाळपुरताच उरतो.

एकट्याने मोजणाऱ्याने दुर्बीणच घ्यावी. दोघे-तिघे असतील, एक मोजणारा व एक ओळखणारा अशी विभागणी शक्य असेल आणि प्रजातीनिहाय नोंद हवी असेल, तर स्कोप जरूर घ्यावा.