ई-८५ वर काढलेला मिनेसोटाचा हिवाळा: सेल्फ, अ‍ॅव्हरेज आणि हिशोब

थंडीत टाकीत इथेनॉल असलं की गाडी जोरात पळते, असं मिनिअ‍ॅपोलिसच्या आमच्या ऑफिसात दोन-तीन जण छातीठोकपणे सांगतात. त्यातल्या एकाकडे टर्बो इंजिनाची (हवा दाबून आत ढकलणारी) गाडी आहे, बाकीच्यांकडे नुसतं मत. माझ्याकडे आहे जुनी व्ही-६ सेदान. टर्बो वगैरे काही नाही, पण फ्लेक्स-फ्युएल आहे. म्हणजे इंधनाच्या टाकीचं झाकण पिवळं, आणि साध्या पेट्रोलपासून ई-८५ पर्यंत (म्हणजे बहुतांश इथेनॉल, बाकी पेट्रोल) कुठलंही मिश्रण घाला, गाडी तक्रार न करता पिते. ऑक्टोबरात ई-८५ भरायला लागलो ते एप्रिलपर्यंत, मधे मधे मिश्रण कमी-जास्त करून. आधीच सांगून टाकतो: इथेनॉलची ताकद बघायला हिवाळा हा सगळ्यात वाईट मोसम. तरी मी ते पूर्ण सोडलेलं नाही.

पहिली गोष्ट, ई-८५ म्हणजे ८५ टक्के इथेनॉल, हे समजून चालू नका. अमेरिकेच्या मानकाप्रमाणे त्यात ५१ ते ८३ टक्क्यांपर्यंत काहीही असू शकतं. प्रमाण ऋतू आणि प्रदेश बघून ठरतं, आणि थंडीत पेट्रोलचा वाटा वाढवतात. स्वीडनमध्ये तर हिवाळ्यातलं ई-८५ प्रत्यक्षात ई-७५ असतं. आमच्या पंपावर पिवळ्या स्टिकरवर '५१ ते ८३' एवढंच छापलेलं आहे, आत आज नेमकं किती ते कुणी सांगत नाही. म्हणून खुणा केलेली एक काचेची नळी मागवली. नळीत खालच्या खुणेपर्यंत पाणी, वर इंधन, बूच लावून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यात जातं आणि खालचा थर फुगतो. दोन थरांमधली रेघ जिथे थांबेल तो आकडा वाचायचा. हा उद्योग गराजचं दार उघडं ठेवूनच करा, आणि आसपास हीटर नको. ऑक्टोबरात रेघ ८० च्या जवळ होती, जानेवारीत ७० च्या आसपास उतरली.

पंपवाले प्रमाण का उतरवतात, ते उणे २५ च्या सकाळी सेल्फ मारल्यावर कळतं. पेट्रोल हे शेकडो घटकांचं मिश्रण. त्यातले ब्युटेनसारखे हलके घटक कडाक्याच्या थंडीतही वाफ होतात आणि ठिणगी पडताच पेट घेतात. इथेनॉल हा एकच पदार्थ, ७८ अंशांना उकळणारा. शुद्ध इथेनॉलच्या पृष्ठभागावर पेट घेण्याइतकी वाफ जमायला १३-१४ अंश तरी तापमान लागतं. शिवाय वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ओढून घेतं, म्हणजे आधीच गारठलेलं इंजिन आणखी गार. त्यात जाळायला लागतंही जास्त: पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग पुरतात, तर इथेनॉलच्या एका भागाला फक्त ९. तेवढ्याच हवेसाठी दीडपटीहून अधिक इंधन फवारायचं, आणि त्यातलं बरंचसं सिलिंडरच्या भिंतीला ओलं चिकटून राहणार. थंडीत इथेनॉलवरची गाडी चालू होते ती मुख्यतः त्यात मिसळलेल्या पेट्रोलच्या जिवावर.

प्रत्यक्षात काय होतं? उणे १० पर्यंत काही फरक नाही, सेल्फ अर्धा सेकंद जास्त फिरतो इतकंच. उणे १८ च्या खाली सूर बदलतो. स्टार्टर जडपणे फिरतो, एक-दोन सिलिंडर पेटतात, इंजिन थरथरतं आणि बंद पडतं. दुसऱ्यांदा किल्ली फिरवली की घेतं, पण पहिलं अर्धा मिनिट मिसिंग इतकं, की वाटावं एखादा प्लग गेलाय. एक्झॉस्टमधून पांढऱ्या वाफेचा लोट, नळीच्या टोकाशी टपटपणारं पाणी आणि किंचित आंबूस-गोड वास. दिसायला घाबरवणारं आहे, पण इंजिन गरम झालं की सगळं थांबतं.

यात बॅटरीचाही हात आहे. उणे १८ ला बॅटरीची ताकद निम्म्याच्या खाली येते, आणि नेमकं तेव्हाच इथेनॉल सेल्फला जास्त वेळ फिरवायला लावतं. इथे गाड्यांच्या जाळीतून एक प्लग लोंबताना दिसतो. भारतातून नवीन आलेली मंडळी विचारतात, ही गाडी इलेक्ट्रिक आहे का? तो ब्लॉक हीटर. रात्री भिंतीच्या प्लगला लावून ठेवायचा आणि इंजिनाचं पाणी कोमट राखायचं. माझ्या मते ई-८५ वर मिनेसोटाचा जानेवारी काढायचा तर हीटर हवाच. हीटर लावलेल्या सकाळी उणे २५ लाही गाडी एका झटक्यात चालू झाली. आणि एक टीप, जी पंपावर कोणी देणार नाही: मिश्रण बदलून भरल्यावर लगेच घरी आणून गाडी उभी करू नका. पुष्कळ फ्लेक्स-फ्युएल गाड्यांत इथेनॉल मोजणारा वेगळा सेन्सर नसतो. एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून कॉम्प्युटर अंदाज बांधतो, आणि त्याला ते शिकायला दहा-बारा किलोमीटर धाव लागते. ती मिळाली नाही तर दुसऱ्या दिवशी पहाटे तो कालच्या मिश्रणाच्या हिशोबाने इंधन फवारणार.

ब्राझीलवाल्यांनी या दुखण्यावर वेगळाच उपाय काढला होता. तिकडे निव्वळ इथेनॉलवर गाड्या चालतात, म्हणून बॉनेटखाली एक छोटी पेट्रोलची टाकी द्यायचे, फक्त थंड सकाळी चालू करण्यापुरती. २००९ मध्ये फोक्सवॅगनच्या पोलो ई-फ्लेक्सने इंधनच आधी तापवायची सोय आणली आणि ती टाकी काढून टाकली. त्यांची 'थंडी' आमच्या ऑक्टोबरइतकी असते ही गोष्ट वेगळी.

आता पळण्याचं. हायवेच्या रॅम्पवर, इंजिन पूर्ण गरम असताना, ई-८५ वर पिकअप जरा भरलेला वाटतो. 'वाटतो' असंच म्हणेन, कारण उणे २० ची हवा अधिक २० च्या हवेपेक्षा सुमारे १६ टक्के दाट असते. त्या दिवशी टाकीत काहीही असो, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाला जास्त हवा मिळते आणि गाडी तरतरीत लागते. लोक ते श्रेय इथेनॉलला देतात. इथेनॉलचे खरे गुण दोन: ऑक्टेन (अवेळी पेट न घेण्याची क्षमता) जास्त, म्हणून नॉकिंग, म्हणजे अवेळी पेटल्याने होणारी इंजिनाची खडखड, होत नाही, आणि आत येणारी हवा ते गार करतं. उणे २० ला हवा गार करायची गरजच काय? आणि थंड हवेत साधं पेट्रोलही सहसा नॉक करत नाही. म्हणजे जे औषध इथेनॉल देतं, तो आजारच हिवाळ्यात नसतो. हेच जुलैच्या ३५ अंशांत, चढावर, एसी लावून बघा, फरक जाणवतो.

टर्बोची गोष्ट निराळी. स्वीडनच्या साब कंपनीच्या ९-५ बायोपॉवर गाडीचं २ लिटरचं इंजिन पेट्रोलवर १५० आणि ई-८५ वर १८० अश्वशक्ती द्यायचं, कारण जादा ऑक्टेनच्या भरवशावर कॉम्प्युटर टर्बोचा दाब वाढवू शकायचा. ऑफिसातला तो टर्बोवाला सहकारी ई-३० च्या आसपास मिश्रण करतो आणि त्यासाठी कॉम्प्युटरचं ट्यूनिंग बदलून घेतलंय. त्याच्या शेजारी बसून मी फेरी मारली आहे, पाठ सीटला चिकटते हे कबूल. पण ट्यूनिंग न करता साध्या गाडीत हे मिश्रण ओतून ताकद वाढत नाही. चेक इंजिनचा दिवा मात्र लागू शकतो.

अ‍ॅव्हरेज सरळ सांगतो. साधं पेट्रोल, जे इथे मुळातच ई-१० (दहा टक्के इथेनॉल) असतं, त्यावर हिवाळ्यात लिटरला साधारण १० किलोमीटर. ई-८५ वर पावणेआठ. लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच, त्यामुळे यात इंजिनाचा दोष नाही. मी भरत होतो तेव्हा गॅलनला साधं सव्वातीन डॉलर आणि ई-८५ अडीच. गुणाकार-भागाकार केला तर दोन्हीकडे किलोमीटरला साडेआठ सेंटच्या आसपास. म्हणजे ई-८५ जवळपास पाऊणपट भावात मिळालं तरच बरोबरी, त्याहून महाग असेल तर तोटा. पैशांपेक्षा मला खटकलं ते टाकीचं अंतर. डुलुथला जाताना बर्फाचं वादळ लागलं, हायवे मुंगीच्या पावलांनी सरकतोय, अशा वेळी काटा पेट्रोलपेक्षा पाऊणपट अंतरातच तळ गाठणार, हे डोक्यात बसतं. लांबच्या प्रवासाला मी आता साधंच भरतो.

थंडी आणि इथेनॉलची सोयरीक मात्र जुनी आहे, आणि तिचा ताकदीशी संबंध नव्हता. थंड इंजिन सुरुवातीला जास्त इंधन पितं आणि अर्धवट जळालेला कार्बन मोनॉक्साइड सोडतं. हिवाळ्यात शहरांवर तो साठून राहायचा. म्हणून डेन्व्हर परिसरात १९८८ च्या जानेवारीत ऑक्सिजनयुक्त इंधन, म्हणजे इथेनॉलसारखं काही मिसळलेलं पेट्रोल, सक्तीचं झालं, आणि १९९० च्या कायदादुरुस्तीनंतर इतर प्रदूषित शहरांतही. मिनेसोटाने पुढे १९९७ पासून ते राज्यभर, बारा महिने लागू केलं. मक्याच्या शेतकऱ्यांचं हित त्यात होतं, हे इथे कोणी लपवत नाही. साखर कारखान्यांच्या प्रदेशातून आलेल्याला ते वेगळं समजावून सांगायलाही नको.

दुसरा फायदा इंधनाच्या नळीत बर्फ न होण्याचा. पूर्वी टाकीत थोडं पाणी साचलं की ते नळीत गोठायचं, म्हणून लोक 'हीट' नावाच्या पिवळ्या बाटलीतलं मिथेनॉल टाकीत ओतायचे. आमचे सत्तरी ओलांडलेले शेजारी अजूनही दर डिसेंबरला ओततात. ई-१० मध्येच इतकं अल्कोहोल असतं की थोडंफार पाणी ते सामावून घेतं, आणि ई-८५ त्याहून कितीतरी जास्त. हा फायदा मला पूर्ण मान्य. फक्त त्यासाठी ई-८५ ची गरज नाही, पंपावरचं साधं इंधन तेच काम करतं.

एका गोष्टीवर लक्ष ठेवा, ती म्हणजे ऑइल. घर ते ऑफिस माझं अंतर कमी, इंजिन धड तापायच्या आत पोचतो. फेब्रुवारीत ऑइल भरायचं झाकण उघडलं तर आतून पिवळट, दह्यासारखा थर. पाणी आणि न जळलेलं इंधन ऑइलमध्ये उतरून तो तयार होतो. साध्या पेट्रोलवरही थंडीत थोडा दिसतो, ई-८५ वर जास्त दिसला. रविवारी हायवेवर तासभर गाडी पळवली की बराचसा उडून जातो. तरी ऑइल बदलायचा मुक्काम मी अलीकडे आणलाय.

सांगलीचा मावसभाऊ परवा फोनवर म्हणाला, "दादा, तुमच्याकडं पंच्याऐंशी टक्के चालतंय, आणि हितं वीस टक्क्याला लोक बोंब मारत्यात!" त्याला म्हटलं, तुलनाच चुकतेय. माझी गाडी कारखान्यातूनच त्यासाठी बनून आली: नळ्या, पंप, इंजेक्टर, कॉम्प्युटर, सगळं. भारतात ई-२० चं लक्ष्य आधी २०३० चं होतं, ते अलीकडे ओढून २०२५ मध्ये गाठलं, आणि रस्त्यावरच्या पुष्कळ गाड्या त्याआधीच्या आहेत. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की ई-० म्हणजे बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० ला ट्यून केलेल्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज ई-२० वर ६ ते ७ टक्के घटेल. लोकांची चिडचिड त्याची आहे, आणि ती रास्त आहे. थंडीची काळजी मात्र त्याने करू नये. थोडं इथेनॉल पेट्रोलची वाफ उलट जराशी वाढवतं, त्यामुळे निफाडला पारा पाच अंशांवर आला तरी ई-२० वर धडधाकट गाडी चालू व्हायला हरकत नाही. अपवाद कार्ब्युरेटरच्या जुन्या बाइकचा. तिला आपणहून इंधन वाढवता येत नाही, तेव्हा सकाळी चोक जरा जास्त वेळ ओढून ठेवावा लागेल.

माझं आता ठरलंय असं: पारा उणे १० च्या वर आहे आणि भाव पाऊणपट आहे तोवर ई-८५. त्याखाली निम्मं ई-८५ आणि निम्मं साधं, म्हणजे टाकीत साधारण ४० टक्के इथेनॉल. त्यावर उणे २० लाही हीटर न लावता गाडी निमूट चालू झाली. उणे २५ चा अंदाज आला की साधं पेट्रोल आणि हीटर दोन्ही. स्नोब्लोअरच्या (दारातला बर्फ उडवायच्या यंत्राच्या) टाकीत मात्र इथेनॉलचा थेंब नको. त्यासाठी पंपावर 'नॉन-ऑक्सी', म्हणजे बिनइथेनॉलचं पेट्रोल, वेगळं मिळतं, महाग असतं, पण यंत्र आठ महिने कोपऱ्यात पडून राहिलं तरी कार्ब्युरेटर साफ राहतो.